बीडच्या माथ्यावरची वाट

कराची आणि बिदर ही दोन ठिकाणे नकाशावर शोधून त्यांवर पट्टी ठेवावी आणि पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढावी, म्हणजे ती रेघ कच्छचे आखात आणि सौराष्ट्र ओलांडून, खंबायतच्या आखातावरून दक्षिण गुजरातेत शिरते, नाशिक जिल्ह्याच्या डोंगररांगा मागे टाकते, कोपरगावच्या आसपास गोदावरी पार करते आणि पुढे बीड शहराच्या इतक्या जवळून जाते की पेन्सिलीच्या टोकाखाली शहराचे नावच झाकले जाते. तशीच पुढे गेली असता ती अंबाजोगाईला लगटून बिदरास पोहोचते. मी ही रेघ तीन निरनिराळ्या नकाशांवर ओढून पाहिली आणि तिन्ही वेळा ती बीडवरूनच गेली. १९४८ सालच्या पावसाळ्यात या दोन ठिकाणांमध्ये रात्रीच्या अंधारात परदेशी विमानांच्या खेपा चालू होत्या, आणि त्या खेपा एका संस्थानाच्या सरकारने पैसे मोजून करविलेल्या होत्या. चोरटी वाहतूक सरळ रेघेने चालत नाही, ती आडवाटा धरते, हे खरे. तथापि आकाशातील तो व्यवहार आणि त्याखालची भूमी यांचे नाते काय होते, हा प्रश्न ती रेघ पाहिल्यापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

आपल्याकडे ‘गाडी करणे’ असा एक वाक्प्रयोग आहे. एस. टी.ने जाणे निराळे आणि गाडी करून जाणे निराळे. वऱ्हाड न्यायचे असले, आजाऱ्याला औरंगाबादेस हलवायचे असले किंवा दहा-बारा माणसांनी मिळून परळी वैजनाथाचे दर्शन घ्यायचे असले, म्हणजे गाडी करतात. तिचे भाडे ठरते, वेळ आपण सांगतो, आणि तेवढ्यापुरती ती संपूर्ण गाडी आपली असते. विमानाच्या बाबतीत यालाच चार्टर म्हणतात, आणि विमान ‘करणे’ म्हटले की बीड जिल्ह्यातील कोणत्याही माणसाला तो अर्थ तत्क्षणी उमगावा. मात्र विमान करण्याची ऐपत आणि अधिकार कोणाकडे होता, आणि ज्यांच्या महसुलातून ही ऐपत निर्माण झाली होती त्यांच्या वाट्याला कोणते वाहन आले, याचा हिशेब मांडायचा तर निजामाच्या हैदराबाद संस्थानाची स्वतःची विमान कंपनी, म्हणजे डेक्कन एअरवेज, हिच्या चरित्राकडे वळावे लागते. ही कंपनी १९४५ साली जन्मली आणि १९५३ साली नाहीशी झाली. बीडच्या भूमीवर तिचा मुक्काम कधी नव्हता; पण बीड तिच्या धन्याच्या राज्यात होते.

त्या राज्यात बीड हा औरंगाबाद सुभ्यातील एक जिल्हा. जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार, दफ्तराची भाषा उर्दू, चलन हाली सिक्का, आणि आष्टीकडून अहमदनगरच्या इंग्रजी हद्दीत माल न्यायचा तर मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. सात रुपये हाली म्हणजे सहा रुपये कलदार (इंग्रजी), हा हिशेब सरहद्दीवरच्या शेतकऱ्याला तोंडपाठ असे. अशा मुलुखात वाहतुकीचे प्रत्येक नवे साधन राजधानीकडून निघे आणि वाटेतच कोठेतरी थांबे. १९०० च्या सुमारास मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत गोदावरी खोऱ्याची मीटर गेज रेल्वे झाली. ती औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी गेली आणि बीड जिल्हा तिच्या दक्षिणेस कोरडाच राहिला. दुसऱ्या बाजूला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डुवाडीहून बार्शीस आणि पुढे १९११ साली लातुरास पोहोचली. केज-धारूरकडच्या मालाला तिने बाजारपेठेची एक वाट दाखविली, इतकेच.

या बार्शी रेल्वेचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप याच्याविषयी येथे दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण आपल्या या कोरडवाहू भागाचा विमानविद्येशी असलेला पहिला संबंध त्याच्या द्वारे येतो. कॅलथ्रॉप हा अरुंद रुळांचा पुरस्कर्ता आणि व्यासंगी इंजिनिअर. १९१० साली त्याचा स्नेही चार्ल्स रोल्स, ज्याचे नाव पुढे रोल्स-रॉइस या मोटारीने जगभर गेले तो, विमान कोसळून मरण पावला. त्या आघाताने कॅलथ्रॉप हवाई छत्रीच्या संशोधनाकडे वळला आणि त्याने सिद्ध केलेली ‘गार्डियन एंजल’ ही छत्री पहिल्या महायुद्धात प्रत्यक्ष वापरली गेली. बार्शी-लातूरच्या काळ्या मातीवर ज्याने अडीच फुटी रूळ घातले त्याच माणसाने आकाशातून पडणाऱ्याला जमिनीवर सुखरूप उतरविण्याचा ध्यास घेतला होता, ही गोष्ट आमच्याकडच्या शाळांतून मुलांना सांगितली जावी असे मला मनापासून वाटते.

१९३० साली निजाम सरकारने रेल्वे खाजगी कंपनीकडून विकत घेऊन स्वतःच्या ताब्यात आणली आणि निजाम्स स्टेट रेल्वे या नावाने ती चालू लागली. त्याच सुमारास विकाराबाद-बिदरकडून आणि परभणीकडून येणारे लोहमार्ग परळीस मिळाले आणि वैजनाथाच्या पायथ्याशी जंक्शन उभे राहिले. बीड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जणू उंबऱ्यावर, रेल्वे आली. माजघरात मात्र ती शिरली नाही. १९३२ च्या जूनमध्ये याच रेल्वेच्या खात्याने २७ मोटारी आणि १६६ नोकर यांच्यानिशी रस्त्यावरची प्रवासी वाहतूक हाती घेतली. रेल्वेच्या मालकीच्या मोटारी रेल्वेच्या वेळापत्रकाशी जोडून चालवायच्या, खाजगी मोटारवाल्यांशी स्पर्धा करून दोघांचेही नुकसान होऊ द्यायचे नाही, ही कल्पना त्या काळात हिंदुस्थानात नवी होती आणि शहाणपणाची होती. निजामाच्या राजवटीवर आमच्या पिढीचे आक्षेप पुष्कळ आहेत आणि ते यथार्थ आहेत; परंतु वाहतुकीचे नियोजन करणारी त्या खात्यातील माणसे कर्तबगार होती, हे मान्य न करणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल.

त्याच १९३२ सालच्या १५ ऑक्टोबर रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन आपले लहानसे पुस मॉथ विमान अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर आणले, आणि तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिंसेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासेस पोहोचविले. पुढे या मार्गावर बेल्लारीच्या जागी हैदराबादचा थांबा आला. मुंबई ते हैदराबाद ही हवाई वाट बीड जिल्ह्याच्या दक्षिण सीमेच्या खालून, बार्शीच्या माथ्यावरून जाते. ‘विमान’ हा शब्द तोवर आमच्या लोकांना ठाऊक होता तो कीर्तनातून: रामाचे पुष्पक आणि तुकोबांना वैकुंठास नेणारे ते, अशी दोनच विमाने. आता तो शब्द सरकारी वेळापत्रकात आला. हैदराबादेस बेगमपेठेचे मैदान सिद्ध झाले, एरो क्लब निघाला, तरुणांना उड्डाणाचे शिक्षण मिळू लागले, आणि महायुद्ध संपता संपता संस्थानाने स्वतःची विमान कंपनी काढण्याचा निर्णय घेतला.

डेक्कन एअरवेजमध्ये निजाम सरकारचा हिस्सा शेकडा ७१ आणि टाटांचा २९ असा होता. पैसा आणि सत्ता दरबारची, अनुभव टाटांचा, अशी ती वाटणी. हैदराबादेहून दिल्ली, मद्रास, बंगळूर अशा मार्गांवर कंपनीची विमाने जाऊ लागली. संस्थाने मोटारी बाळगीत, हत्ती बाळगीत, एखादे खाजगी विमानही बाळगीत. पण तिकीट काढून कोणीही बसावे अशी हवाई सेवा एखाद्या संस्थानी सरकारने मुख्य भागीदार होऊन चालवावी, हे विरळाच होते. तरीही हिंदी विमानवाहतुकीच्या इतिहासात या कंपनीला जे स्थान मिळायला हवे ते मिळालेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. टाटांची गोष्ट सर्वांना ठाऊक असते; बेगमपेठेची गोष्ट हैदराबादबाहेर फारसे कोणी सांगत नाही.

कंपनीचे वाहन म्हणजे डाकोटा. युद्धात अमेरिकेने ही विमाने हजारोंनी बांधली आणि युद्ध संपताच ती जगभर स्वस्तात विक्रीस निघाली. १९४६ नंतर देशोदेशी ज्या अनेक लहान विमान कंपन्या उगवल्या त्या या एका विमानाच्या बळावर. फ्रान्समध्ये १९४६ साली सिल्व्हँ फ्लोअरा यांनी काढलेली एगल अझ्युर ही त्यांतलीच. तिची डाकोटा विमाने पुढे इंडोचायनापर्यंत गेली आणि १९५५ साली ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. पॅरिस काय आणि बेगमपेठ काय, कारखानदारांनी सैन्यासाठी घडविलेला तोच सांगाडा रंग बदलून प्रवाशांच्या सेवेस लागला होता.

डाकोटाची ठेवण ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन केले पाहिजे. हे विमान जमिनीवर उभे असता पुढची दोन चाके उंच आणि तिसरे लहानसे चाक शेपटीखाली असते. त्यामुळे दारातून आत पाऊल टाकताच प्रवाशाला चढण लागते आणि आपल्या आसनापर्यंत जाण्यासाठी त्याला खुर्च्यांच्या पाठींचा आधार घेत वर चढावे लागते. बसल्यावरही तो किंचित मागे रेललेलाच असतो. मग दोन्ही पंखांवरची बाराशे अश्वशक्तीची एंजिने एकामागून एक सुरू होतात, सारा सांगाडा थरथरू लागतो, विमान धावू लागते, आणि धावता धावताच शेपूट उचलली जाऊन जमीन प्रवाशाच्या पायांखाली समतल होते. त्या क्षणी चाके अजून भुईवरच असतात. आतील हवेचा दाब राखण्याची सोय नसल्याने हे विमान फार उंच जाऊ शकत नसे. उन्हाळ्यात दख्खनच्या तापलेल्या पठारावरून जाताना त्याला सारखे हिसके बसत, आणि खिडकीतून खाली पाहिले तर विहिरी, पाणंदी, गुरांचे कळप आणि देवळांची शिखरे स्पष्ट दिसावीत एवढ्याच उंचीवरून ते जात असे. वीस-पंचवीस माणसे, तासाला पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेग. बीड ते हैदराबाद हे अंतर या विमानाने जेमतेम सव्वा तासात तोडले असते; बीडच्या माणसाला त्याच हैदराबादेस जाण्यासाठी आधी मोटारीने परळी किंवा जालना गाठावे लागे आणि मग रात्रभर आगगाडीत बसावे लागे.

या कंपनीच्या खात्यावर एक गोष्ट अशी आहे की तिच्याबद्दल लिहिताना मन भरून येते. प्रेम माथूर या महिलेने अलाहाबादेस शिकून १९४७ साली व्यापारी वैमानिकाचा परवाना मिळविला. आठ कंपन्यांनी तिला नोकरी नाकारली. बाई विमान चालवते आहे हे कळले तर उतारू घाबरतील, असे कारण पुढे केले जाई. तिला घेतले ते डेक्कन एअरवेजने. भारतात व्यापारी विमान चालविणारी पहिली स्त्री ती हीच, आणि १९४९ साली राष्ट्रीय हवाई शर्यतीत पुरुष स्पर्धकांना मागे टाकून तिने पहिला क्रमांक मिळविला. ज्या राज्यात त्या वेळी मुलींच्या शाळा फार थोड्या होत्या, त्या राज्याच्या कंपनीने हा निर्णय घ्यावा, हे कोणत्याही कारणाने घडलेले असो, तिच्या नावे जमा धरलेच पाहिजे.

परंतु कंपनीची कारकीर्द ज्या काळात पडली तो काळ वाहतुकीच्या विस्ताराचा राहिला नाही, तो राजकारणाच्या वादळाचा झाला. १५ ऑगस्ट १९४७ नंतर हैदराबाद हिंदी संघराज्यात सामील झाले नाही. वाटाघाटींचे शिष्टमंडळ विमानाने दिल्लीस ये-जा करी, आणि या वाटाघाटींचा सारा इतिहास एका अर्थाने बेगमपेठ ते दिल्ली या हवाई वाटेवर घडला. २७ ऑक्टोबर १९४७ चा दिवस त्यात विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्या पहाटे संस्थानाचे पंतप्रधान छत्तारीचे नबाब आणि शिष्टमंडळातील त्यांचे सहकारी सर वॉल्टर मॉन्क्टन व सर सुलतान अहमद हे भारताशी करावयाच्या जैसे-थे कराराचा मसुदा घेऊन दिल्लीस प्रयाण करणार होते. पण विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या इत्तेहाद या पक्षाच्या हजारोंच्या जमावाने रात्री तीनच्या सुमारास त्यांच्या बंगल्यांना गराडा घातला आणि त्यांचे जाणे रोखून धरले. त्याच दिवशी सकाळी दिल्लीहून उडालेली डाकोटा विमाने भारतीय सैनिकांना घेऊन श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरत होती, आणि त्या कामगिरीसाठी नागरी कंपन्यांची विमानेही वेठीस धरली गेली होती. एकाच दिवशी, एकाच जातीच्या विमानाच्या युगात, एका संस्थानाचे भवितव्य विमाने उतरल्याने ठरले आणि दुसऱ्याचे विमान न उडाल्याने लांबणीवर पडले. छत्तारीच्या नबाबांनी राजीनामा दिला, मीर लायक अली पंतप्रधान झाले, इत्तेहादचा पुढारी कासीम रझवी याच्या रझाकार या सशस्त्र दलाचा जोर वाढला, आणि बीड जिल्ह्यातील गावोगावची माणसे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे अहमदनगर-सोलापूरच्या आसऱ्यास जाऊ लागली. ज्या करोडगिरी नाक्यावरून पूर्वी कापूस आणि ज्वारी जाई तेथून आता बैलगाडीत बसलेली लेकरे जात होती.

आता त्या कराची-बिदर रेघेकडे येतो. हिंदी सरकारने हैदराबादची नाकेबंदी केली होती. शस्त्रे रस्त्याने किंवा रेल्वेने येणे अशक्य झाले. तेव्हा सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाशी संस्थानाने करार केला. हा मनुष्य सामान्य नव्हता. पहिल्या महायुद्धात वैमानिकांना थंडीपासून वाचविणारा ‘सिडकॉट’ नावाचा अंगरखा त्याने योजला होता, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीची हवाई छायाचित्रे गुप्तपणे टिपण्याच्या तंत्राचा पाया त्याने घातला होता. १९४८ मध्ये त्याने लँकॅस्ट्रियन जातीची चार एंजिनांची विमाने, म्हणजे मुळात लँकॅस्टर या बाँबफेकी विमानाचेच नागरी रूप, मिळविली आणि कराचीहून रात्रीच्या वेळी बिदर व वरंगळ येथील धावपट्ट्यांवर शस्त्रसामग्री उतरविण्यास प्रारंभ केला. भाड्याचे विमान या कल्पनेचे हे सर्वांत विपरीत रूप म्हणावे लागेल. पुढे त्याच्यावर इंग्लंडमध्ये खटला झाला आणि त्याला दोनशे पौंड दंड झाला. एवढ्या मोठ्या उद्योगाला झालेली ती शिक्षा पाहून खेद वाटतो. दरबारच्या तिजोरीतील जे द्रव्य या खेपांवर खर्च झाले त्यात गेवराईच्या, माजलगावच्या, पाटोद्याच्या रयतेने भरलेला सारा होता, आणि ती शस्त्रे उद्या कोणावर रोखली जाणार होती हे त्या रयतेला पुरते ठाऊक होते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे हैदराबादवर चालून गेले, आणि दुसऱ्या बाजूने औरंगाबाद-जालना घेतले गेले. पुण्याहून उडालेली टेंपेस्ट विमाने या सैन्याच्या मदतीस होती. लातूरच्या बाजूने पुढे सरकलेली एक तुकडी मोमिनाबादेस पोहोचली. तेथे गोवळकोंडा लान्सर्सच्या तिसऱ्या पलटणीने नाममात्र प्रतिकार करून शस्त्रे खाली ठेवली. मोमिनाबाद म्हणजे आपली अंबाजोगाई. घोडदळाची छावणी म्हणून जिची ख्याती, तिचा शेवट पायी आणि मोटारीने आलेल्या सैन्याने केला. ज्या गावातील योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थांनी अध्यापन केले, बाबासाहेब परांजप्यांसारख्या सहकाऱ्यांसह एक पिढी घडविली आणि तेथूनच निजामाविरुद्धच्या संस्थानव्यापी लढ्याची दिशा धरली, त्या गावाला मुक्तता मिळाली ती जमिनीवरच्या वाटेने. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. बिदरच्या धावपट्टीवर उतरलेल्या शस्त्रांनी पाच दिवसांपलीकडे काहीही साधले नाही.

संस्थान विलीन झाले तरी विमान कंपनी लगेच संपली नाही. सरकार बदलले, भागीदार तेच राहिले, विमानेही तीच राहिली. रात्रीच्या हवाई टपालाची जी योजना १९४९ पासून देशात सुरू झाली, तिच्यात पुढे डेक्कन एअरवेजनेही भाग घेतला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी रात्री निघालेली चार विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडण्यापूर्वी ती आपापल्या ठिकाणी परतायची. आज कलकत्त्यास टाकलेले पत्र उद्या मद्रासेत वाचले जाऊ लागले. या योजनेचे कौतुक मला फार वाटते, कारण तिच्यात विमान हे मोठ्यांचे वाहन राहिले नाही; चार ओळींच्या पत्राचे वाहन झाले. बीडच्या टपालखान्यात टाकलेले पत्र मोटारीने आणि आगगाडीने नागपूर वा मुंबई गाठी आणि तेथून पुढे आकाशमार्गाने जाई. बीडच्या सामान्य माणसाला त्या विमानात जागा मिळाली असेल तर ती त्याच्या हस्ताक्षराला.

तोवर देशातील विमान कंपन्यांची अवस्था बिकट झाली होती. युद्धानंतरच्या उत्साहात परवाने भरमसाट दिले गेले होते, उतारू थोडे होते, पेट्रोल महाग होते, आणि स्वस्तात घेतलेली डाकोटा विमाने आता दुरुस्तीचा खर्च मागू लागली होती. १९५३ साली संसदेने एअर कॉर्पोरेशन्सचा कायदा केला, आणि त्या वर्षाच्या १ ऑगस्ट रोजी आठ कंपन्यांची देशांतर्गत सेवा एकत्र करून इंडियन एअरलाइन्स अस्तित्वात आली. त्या आठांमध्ये डेक्कन एअरवेज एक होती. नव्या महामंडळाकडे आलेल्या ९९ विमानांपैकी ७४ डाकोटा होती. हैदराबादी रंग पुसला गेला, वैमानिक आणि कारागीर नव्या नोकरीत गेले, आणि कंपनीचे नाव वेळापत्रकातून उडाले. पुढे २००७ साली इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात विलीन झाली आणि २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे परत गेली. शेकडा २९ चा तो जुना भागीदार सत्तर वर्षांनी वारसा सांगण्यास उरला.

बीडचे काय झाले? १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. निजामाच्या रेल्वे खात्याने सुरू केलेल्या मोटारींची जागा एस. टी.च्या लाल गाड्यांनी घेतली आणि त्या गाड्यांनी जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातील मुले शाळा-कॉलेजापर्यंत पोहोचविली. आमच्या जिल्ह्याने कोणत्या एका वाहनाचे ऋण मानावे असे विचाराल तर मी तिचेच नाव घेईन. दसरा झाला की मात्र अजूनही गाड्या केल्या जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली कोयत्याची जोडपी, त्यांची लेकरे, भांडीकुंडी, सरपण आणि एखादी शेळी ट्रकमध्ये चढते आणि पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे रवाना होते. गाडी कारखान्याच्या हिशेबात लागते आणि त्या हिशेबाची फेड ऊस तोडून करावी लागते. लाखो माणसांचा हा प्रवास दरवर्षी घडतो. बेगमपेठेची विमाने कोणत्या वर्षी कोठे जात होती याची नोंद पुस्तकांत सापडते; या ट्रकांच्या वाटांचा इतिहास लिहिणारा कोणी बीडच्याच शाळेत शिकलेला तरुण निघावा, अशी माझी फार इच्छा आहे.

आणि रेल्वे. अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाची मागणी कित्येक पिढ्यांची. तिला १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली, त्यानंतरही पंचवीसहून अधिक वर्षे गेली, आणि २०२२ च्या सप्टेंबरात गाडी आष्टीपर्यंत आली. बीड शहराला प्रवासी आगगाडी मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी. डेक्कन एअरवेजचे शेवटचे वेळापत्रक रद्द होऊन त्या दिवशी बहात्तर वर्षे झाली होती.